हिल स्ट्रीटवरचे अग्निशमन संग्रहालय आणि आपल्या माळ्यावरचे पितळ

सुरूबन

नमस्कार.

लेकीचे बाळंतपण आटोपून मी गेल्या महिन्यात सिंगापूरहून आंजर्ल्याला परत आले. तिथल्या मुक्कामात नामांकित जागा पाहून झाल्याच, परंतु घरी आल्यापासून मनात घोळत राहिले आहे ते हिल स्ट्रीटवरचे एक लहानसे संग्रहालय. त्याचा आपल्या किनाऱ्याशी जवळचा संबंध आहे असे मला मनापासून वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

हिल स्ट्रीटवरचे मध्यवर्ती अग्निशमन केंद्र १९०८ साली बांधून पूर्ण झाले. सिंगापुरात आज उभ्या असलेल्या अग्निशमन केंद्रांपैकी हे सर्वांत जुने. इमारतीवर लाल आणि पांढरे पट्टे आहेत आणि मधोमध एक उंच मनोरा आहे. १८ डिसेंबर १९९८ रोजी तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, आणि २००१ मध्ये तिच्याच एका भागात ‘सिव्हिल डिफेन्स हेरिटेज गॅलरी’ सुरू झाली. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. सोमवारी ते बंद असते, एवढे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. मला विशेष वाटले ते हे की, या इमारतीतून आगीच्या वर्दीवर गाड्या अजूनही निघतात. एका बाजूला शंभर वर्षांपूर्वीचे बंब उभे आहेत आणि भिंतीपलीकडे आजचे जवान कामावर आहेत, हे दृश्य मी पूर्वी कुठेही पाहिले नव्हते.

मनोरा शोभेचा नाही. घरोघरी दूरध्वनी नव्हते त्या काळी त्यावर पहारेकरी उभा राहून गावात कुठे धूर दिसतो का ते पाहत असे. आपल्याकडे सड्यावरून वणव्याचा धूर पाहून खालच्या वाडीला कूक घालतात, त्याचीच मला आठवण झाली.

आत हाताने चालवायचा जुना पंप आहे. दोन्ही बाजूंना लांब दांडे असतात, ते माणसांनी आलटून पालटून खाली दाबायचे, आणि मधल्या टाकीत बादल्यांनी पाणी ओतत राहायचे. मी बराच वेळ त्या दांड्याकडे पाहत होते. त्याच्यामागे लांब दांड्याची एक लोखंडी आकडी भिंतीला टेकवून ठेवली होती. फणस आणि रातांबे काढायला आपण जी आकडी वापरतो तिच्यासारखीच, फक्त टोक अधिक जड आणि अणकुचीदार. पेटलेले छप्पर ओढून खाली पाडण्यासाठी ती असते, असे जावयाने पाटी वाचून सांगितले, आणि मला आमच्या वाडीतली एक रात्र आठवली.

मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. आमच्या आळीत तेव्हा कौले मोजक्या घरांवर होती. बाकीची घरे, गोठे आणि मांगर शाकारलेले असत. चैत्रात शेजारच्या गोठ्याला आग लागली. पुरुष मंडळींनी पेटलेल्या गोठ्यावर पाणी मारण्याआधी त्याला लागून असलेल्या मांगराचे छप्पर आकड्यांनी ओढून काढले. मला तेव्हा वाटले, चांगले छप्पर हे लोक का मोडत आहेत? बायकांनी विहिरीपासून रांग धरून कळश्या पुढे दिल्या आणि ते पाणी आगीवर न टाकता आमच्या छपरावर पसरलेल्या गोणपाटांवर ओतले. गोठा गेला, पण आळी वाचली.

संग्रहालयात १९६१ सालच्या बुकित हो स्वी इथल्या आगीविषयी माहिती आहे. २५ मे रोजी, ईदच्या सुटीच्या दिवशी दुपारी ती लागली. वस्ती लाकडी घरांची, आणि छपरे खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या एका जातीच्या माडाच्या झावळ्यांची होती. चार माणसे दगावली, सुमारे २,८०० घरे जळाली आणि जवळजवळ १६,००० लोक एका दिवसात उघड्यावर आले. झावळीचे छप्पर पेटले की जळकी चुडते वाऱ्यावर उडतात आणि दहा घरे ओलांडून पडतात, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. त्या शहराने ती आग विसरू दिलेली नाही. आमच्या आळीची रात्र आठवणारी आता मी आणि माझी एक चुलतबहीण, अशा दोघीच उरलो आहोत.

म्हणून विचारते: आपल्या किनाऱ्यावर कोणाच्या घरी, मंदिरात, शाळेत किंवा बंदरावर आग विझवण्याच्या जुन्या वस्तू आहेत का? चामड्याची किंवा जस्ताची बादली, पितळी नळीचे तोंड, शिरस्त्राण, हातपंप, काहीही. कोकणातून मुंबईला गेलेल्या कितीतरी चाकरमान्यांनी तिथल्या अग्निशमन दलात नोकरी केली. त्यांच्यासोबत काही ना काही गावी आले असणारच.

हर्णैबंदर

ताई, लेख फार आवडला. आमच्या बंदरात जुने असे काही उरलेले नाही. वाळूच्या लाल बादल्या आहेत, त्याही अलीकडच्या. संग्रहालयात बोटीवरच्या आगीविषयी काही होते का? आमच्याकडे इंजिनखोलीत डिझेलने पेट घेतला की नवखा खलाशी पहिल्यांदा समुद्राचे पाणी ओततो. तेल पाण्यावर तरंगते आणि आग आणखी पसरते. माझ्या थोरल्या भावाचा हात असाच भाजला. ओले घोंगडे टाकून किंवा झाकणे लावून हवा तोडायची असते, हे त्याला नंतर कळले.

राजापूरवासी

आपल्या भावना मी समजू शकतो; तरी एक परखड मत मांडतो, राग मानू नये. गेल्या फाल्गुनात आमच्या हापूसच्या बागेला खालच्या सड्यावरून आलेल्या वणव्याने घेरले. कोणीतरी भाजावळ केली होती, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळला होता, आणि वारा फिरला. आम्ही ऐनाच्या ओल्या डहाळ्यांनी आग झोडपत राहिलो. दूरध्वनी केल्यानंतर बंब यायला सव्वा तास लागला. तो आल्यावर पाखाडीच्या पायऱ्यांच्या वाटेने वर चढेना, आणि वर चढला असता तरी त्याला पाणी कुठून मिळणार होते? विहीर होती, पण बंबाच्या पंपाने तिचे पाणी उचलले नाही. चाळीस कलमे गेली. त्यांतली काही माझ्या वडिलांनी लावलेली होती. अशा वेळी माझ्या मनात येते की आधी गावाला चालू बंब द्यावा, मग जुन्या बंबाचे संग्रहालय करावे.

बंबवाला

सुरूबन ताई आणि राजापूरवासी, दोघांनाही नमस्कार. मी मुंबईच्या अग्निशमन दलात एकतीस वर्षे काम केले आणि आता संगमेश्वर तालुक्यातल्या माझ्या गावी राहतो. हा धागा मी दोनदा वाचला.

राजापूरवासी, आपल्या बागेचे नुकसान ऐकून फार वाईट वाटले. आपल्या विहिरीचे पाणी पंपाने का उचलले नाही, ते सांगतो, कारण जुन्या बंबांच्या संग्रहालयात जाणाऱ्याला हे उत्तर मिळते. पंप पाणी ‘ओढत’ नाही. तो नळीतली हवा काढून घेतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हवेचा दाब पाण्याला जास्तीत जास्त सुमारे १०.३ मीटर उंच ढकलू शकतो, तोही कागदावर. प्रत्यक्षात सांध्यांतली गळती, नळीतले घर्षण आणि पाण्याची वाफ यांमुळे सात, फार तर साडेसात मीटरच्या पुढे काम होत नाही. १७२५ सालचा लंडनच्या रिचर्ड न्यूशॅमचा हातपंप असो किंवा आजचा वॉटर टेंडर, म्हणजे पाण्याची टाकी असलेला बंब, हा नियम कोणालाच ओलांडता आलेला नाही. आपल्या कातळातल्या विहिरीचे पाणी शिमग्यानंतर दहा-बारा मीटर खाली जाते. अशा ठिकाणी पाण्यावर तरंगणारा पंप आत सोडावा लागतो, किंवा विहिरीच्या विजेच्या पंपाने आधी वर टाकी भरून घ्यावी लागते. ही गोष्ट गावात एकालाही ठाऊक नसेल, तर नवा कोरा बंब येऊनही विहिरीच्या काठावर नुसताच उभा राहील.

सुरूबन ताईंनी पाहिलेल्या हातपंपाविषयी एक भर घालतो. त्या पंपाच्या मधोमध बंद डोक्याचे एक तांब्याचे भांडे असते. दांडे खाली-वर होताना पाणी धक्क्याधक्क्याने येते. ते या भांड्यात शिरले की वरची हवा दाबली जाते, आणि ती दाबलेली हवा पाण्याला सतत बाहेर रेटत राहते. त्यामुळे धार तुटत नाही. मी भरती झालो तेव्हा आमच्या शिक्षकांनी हे भांडे फळ्यावर काढून दाखवले होते. मनोऱ्याचा आणखी एक उपयोग बहुतेक जुन्या केंद्रांत असे: कॅनव्हासच्या नळ्या वापरून झाल्यावर धुऊन उंचावर टांगाव्या लागत, नाहीतर त्यांना बुरशी धरून त्या कुजत. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर चार दिवसांत वास सुटत असे. खाऱ्या पाण्यावर पंप चालवला असेल, तर परतल्यावर गोड्या पाण्याने तो धुतल्याशिवाय आम्ही जेवायला बसत नसू. हर्णैबंदर यांनी हे लक्षात ठेवावे. बंदरावरचे पंप आगीपेक्षा मिठाने अधिक मरतात.

पितळी शिरस्त्राण कोणाकडे सापडले तर त्याचे मोल ओळखावे. लंडनच्या दलात कॅप्टन मॅसी शॉ यांनी १८६०च्या दशकात, पॅरिसच्या जवानांचे पाहून, ते आणले. दिसायला देखणे आणि पडत्या विटेपासून वाचवणारे. पण इमारतींत वीज आली आणि तेच पितळ जिवावर उठू लागले, म्हणून पुढे ते मागे पडले. काच, पितळ, चामडे यांच्या प्रत्येक तुकड्यामागे कोणीतरी गेलेला असतो, एवढे मी नोकरीत शिकलो.

सुरूबन

बंबवाला काका, आपण लिहिल्यामुळे मी पाहिलेले आता कुठे मला समजले. तांब्याचे ते भांडे मी पाहिले होते आणि ते पाणी तापवण्यासाठी असावे अशी समजूत करून घेतली होती.

राजापूरवासी, आपले म्हणणे मला पटते आणि त्याचा राग येण्याचे काही कारण नाही. मोठ्या इमारतीतले संग्रहालय माझ्या मनात नाही. मी ज्या शाळेत शिकवले तिथे प्रयोगशाळेशेजारी एक खोली रिकामी आहे. तिथे दहा वस्तू आणि प्रत्येकीखाली मराठीत दहा ओळी, एवढे जरी झाले तरी भाजावळ करणाऱ्या घरातली मुले ते वाचतील.

काजूबाग

हा धागा वाचताना माझे हात थरथरत होते, म्हणून उत्तर द्यायला दोन दिवस गेले.

माझे आजोबा मुंबईच्या अग्निशमन दलात होते. आमचे गाव लांज्याकडचे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला तेव्हा ते रात्रपाळीचे म्हणून खोलीवर झोपलेले होते. आवाजाने उठले आणि तसेच धावत केंद्रावर गेले. त्यांच्याबरोबर खोलीत राहणारे दोघे दिवसपाळीला होते. ते परत आले नाहीत. आजोबा पुढचे तीन दिवस गोदीच्या परिसरात होते. गावी काहीच कळत नव्हते. सरकारने बातमीवर निर्बंध घातले होते आणि वार्ताहरांना सविस्तर वृत्त पाठवण्याची मुभा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली, हे मी मोठेपणी वाचले. आजी सांगत असे की मुंबईहून आलेला प्रत्येक जण काहीतरी वेगळेच सांगायचा, आणि आजोबांची ‘सुखरूप’ एवढ्या एका शब्दाची तार हातात पडेपर्यंत तिने चूल पेटवली नाही; शेजारणी भाकरी आणून देत.

आमच्या माळ्यावर भाताच्या कणगीमागे एक पितळी वस्तू आहे. सुमारे हातभर लांब, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती. आजोबा तिला ‘ब्रँच’ म्हणत. लहानपणी आम्ही ती कर्ण्यासारखी तोंडाला लावून ओरडत असू. ती गोदीतली आहे की नंतरची, हे मला ठाऊक नाही. गेल्या दिवाळीत भंगारवाल्याने वजन करून भाव सांगितला होता. आईने नको म्हटले, म्हणून राहिली.

बंबवाला

काजूबाग, आईंना माझा नमस्कार सांगा. ब्रँच म्हणजे नळीचे तोंड. ज्याच्या हातात ब्रँच तो सर्वांत पुढे असतो आणि त्याच्या पाठीमागे दुसरा नळी सावरतो. ती वस्तू भंगारात देऊ नका.

त्या दिवसाविषयी इथे लिहून ठेवणे मला माझे कर्तव्य वाटते. फोर्ट स्टिकिन १२ एप्रिलला मुंबईत आले. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, आणि कराचीत त्यावर कापसाच्या ८,७०० गासड्या चढवलेल्या होत्या. कापूस आणि स्फोटके एकाच जहाजात. १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या तळघरातून धूर दिसला. गासडीतली आग आतल्या आत धुमसते. वरून पाणी घालून ती सापडत नाही. जवानांनी नळ्या आत सोडून शेकडो टन पाणी ओतले आणि ते पाणी आत उकळू लागले. जहाज सोडण्याचा हुकूम ३ वाजून ५० मिनिटांनी झाला. पहिला स्फोट ४ वाजून ६ मिनिटांनी झाला, दुसरा त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. १४ ते २० एप्रिल हा आपल्या देशात अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो, तो त्यांच्यामुळे. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे. दर वर्षी त्या दिवशी आम्ही तिथे रांगेत उभे राहत असू आणि नावे वाचली जात. त्या वेळी डोळे कोरडे ठेवणे मला एकदाही जमले नाही.

राजापूरवासी

काजूबाग यांचे लिखाण वाचून मी माझ्या आधीच्या प्रतिसादातला सूर मागे घेतो. बंबाची मागणी मात्र कायम आहे आणि ती मी सोडणार नाही.

बंबवाला काका, आमच्या वाडीच्या पाणी योजनेची टाकी बागेच्या वरच्या अंगाला आहे. त्या दिवशी तिच्यात पाणी होते. बंबाची नळी तिच्या नळाला जोडता आली असती का?

बंबवाला

नसती, आणि याचाही इतिहास आहे. अमेरिकेत बाल्टिमोर शहराला फेब्रुवारी १९०४ मध्ये मोठी आग लागली. शेजारच्या शहरांतून बंब रेल्वेने मदतीला आले, परंतु त्यांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या नळांवर बसेनात. कित्येक बंब पाण्याशेजारी निरुपयोगी उभे राहिले आणि १,५०० हून अधिक इमारती जळाल्या. त्यानंतर तिकडे जोडण्यांची मापे एकसारखी करण्याचा आग्रह सुरू झाला. आपल्याकडे बंबाच्या पाणी सोडणाऱ्या नळीची जोडणी ६३ मिलिमीटरची आणि झटक्यात बसणारी असते. पाणी ओढणाऱ्या जाड नळीचे आटे १०० मिलिमीटरचे असतात. आपल्या टाकीचा नळ शेतीच्या मापाचा. टाकीच्या तळाशी एक जास्तीची तोटी काढून तिला योग्य मापाची जोडणी बसवून घेतली, तर बंब पाखाडीखाली उभा राहिला तरी वरून उताराने पाणी मिळेल. ग्रामसभेत विषय मांडा आणि माप आपल्या तालुक्याच्या बंबावरच्या माणसाकडून प्रत्यक्ष पाहून घ्या. कागदावरच्या मापावर विसंबू नका.

बागेभोवती जाळरेषाही होळीच्या आधी काढून ठेवा. दोन माणसे आडवी झोपतील एवढी रुंद, आणि गवत नुसते कापून नव्हे तर झाडून बाहेर टाकायचे. ताईंच्या आळीने मांगराचे छप्पर ओढून काढले, त्यातले तत्त्व हेच.

हर्णैबंदर

ताई, शाळेच्या खोलीसाठी आमच्याकडून भावाच्या बोटीवरची भाजकी झाकणपट्टी देतो. तो स्वतः मुलांना येऊन सांगायला तयार आहे.

सुरूबन

जरूर द्या, आणि भावांना घेऊन या. मुख्याध्यापकांशी आज बोलणे झाले. खोली मिळाली आहे. चुलतबहिणीने आमच्या जुन्या मांगराची आकडी शोधून काढली आहे. दांडा नवा घालावा लागेल, पण लोखंड तेच आहे.

काजूबाग, आईंची परवानगी असेल तर ब्रँच पाहायला मी स्वतः लांज्याला येईन. ती तुमच्याच घरी राहावी. आम्हाला तिचे छायाचित्र आणि आजोबांविषयी तुमच्या शब्दांतल्या दहा ओळी मिळाल्या तरी पुरे.

काजूबाग

आई म्हणते, नुसते छायाचित्र कशाला, वस्तूच ठेवा. मुलांच्या हाताला तिचे वजन कळू दे. काल ती माळ्यावरून खाली काढली. धुळीखाली रुंद टोकाशी काही अक्षरे ठोकलेली दिसतात. आई चिंच आणि राख घेऊन घासायला बसणार होती, तेवढ्यात मला वाटले की आधी काकांना विचारावे.

बंबवाला

बरे केलेत, थांबवा त्यांना. चिंचेने पितळ लखलखते, पण ठोकलेली अक्षरे दर घासणीला थोडी थोडी जातात. आमच्या केंद्रावरच्या कितीतरी जुन्या ब्रँचवरचे आकडे अशाच प्रेमाने पुसले गेले. मऊ सुती फडक्याने नुसती धूळ काढा. मग सकाळचे तिरके ऊन पडेल अशा ठिकाणी ओटीवर ठेवा आणि अक्षरांवर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवा. जे उमटेल ते इथे लिहा.

काजूबाग

उद्या सकाळी करतो. आईने फडके धुऊन वाळत घातले आहे.